शेवटचा इकार

रस्माताईंनी मला शेवटची ओळ सांगितली ती सोमवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास. ती मी चुकीची लिहिली. चुकीची म्हणजे नक्की कशी, ते मला आजही सांगता येत नाही, आणि सगळं दुःख तेवढंच आहे.

आयर्लंडमधल्या कासलबारच्या बाहेर एक वृद्धाश्रम आहे, इथले लोक नर्सिंग होम म्हणतात. तिथे मी सहा वर्षं केअर असिस्टंट आहे. अंघोळी घालायच्या, भरवायचं, कूस बदलून द्यायची. माझे यजमान हृषीकेश इथल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहेत. लोकांना वाटतं, डॉक्टरीणबाईंना ही कामं कशाला? मला मात्र कधी जड गेलं नाही. सकाळी देवाचं करून निघावं आणि दिवसभर माणसांचं करावं.

रस्मा द्रेइमाने बारा नंबरच्या खोलीत होत्या. वय एकाहत्तर. अकरा वर्षं त्यांनी मोनाहनच्या शेडमध्ये मशरूम खुडले, मग कासलबारला एका हॉटेलात चादरी बदलल्या. त्या कवयित्री होत्या हे आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हतं. पक्षाघाताच्या पहिल्या झटक्यात उजवा हात गेला आणि इंग्रजी गेलं. वीस वर्षं बोललेली भाषा एका सकाळीत पुसली गेली आणि मागे फक्त मायबोली लात्वियन उरली. ती समजणारी एक मुलगी आमच्याकडे होती, ती लग्न होऊन पोर्टलीशला गेली. मग रस्माताई भिंतीशी बोलायच्या.

त्यांच्या बोलण्याला ठेका आहे, हे मला कूस बदलताना कळलं. चार ओळी, थांबा, पुन्हा त्याच चार ओळी. आपल्या ओव्यांसारखंच. लहानपणापासून स्तोत्रं कानावरून पाठ करायची सवय, त्यामुळे अर्थ कळला नाही तरी अक्षर निसटत नाही. माझ्या खिशात जपाची वही असते, रोज एकशे आठ वेळा नाम लिहिते. त्या वहीच्या मागच्या पानावर मी त्यांच्या चार ओळी देवनागरीत लिहिल्या आणि त्यांना वाचून दाखवल्या. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं ते सोडेचनात. "मेइता," म्हणाल्या. मेइता म्हणजे मुलगी, पोरी.

फायलीत त्यांच्या मुलीचा नंबर होता. मदारा. वाल्मिएरा नावाच्या गावी शाळेत शिकवते. मराठीत मदार म्हणजे भिस्त, हे तिला मी पुढे सांगितलं तेव्हा ती कोरडं हसली. "माझ्यावर कोणाची नव्हती," म्हणाली. तिचे वडील आधीच गेलेले. ती बारा वर्षांची असताना रस्माताई तिला मावशीकडे ठेवून आयर्लंडला आल्या. एका वर्षासाठी. मग दोन वर्षं, मग पाच. मदारा एकदाही इथे आली नव्हती. फोनवर व्हिडिओ लावला की रस्माताई तोंड फिरवून घ्यायच्या.

पण त्या चार ओळी मी मदाराला फोनवर वाचून दाखवल्या; आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं.

"ही आईची चौकडी आहे," मदारा म्हणाली. "नवीन आहे. पुन्हा वाचा."

तिनेच मला सगळं समजावलं. त्यांच्याकडे चार ओळींची गाणी फार जुनी. दळताना, पेरताना, पाळण्यापाशी, मयताला, सगळीकडे बायकांनीच म्हटलेली. कोणीतरी ती गावोगाव हिंडून चिठ्ठ्यांवर उतरवून घेतली. त्यांच्या राजधानीत, रीगाला एक कपाट आहे, बारक्या बारक्या खणांचं, त्यात लाखांनी चिठ्ठ्या आहेत. माझी लेक तन्वी ऐकत होती. "लाइक, अ प्रेस फुल ऑफ पोएम्स?" म्हणाली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मी म्हटलं, हो बाई, तसंच.

"आमची भाषा बोलणारे किती असतील असं वाटतं तुम्हाला?" मदाराने विचारलं होतं. मला माहीत नव्हतं. आकडा ऐकला तर एकट्या पुण्याची वस्ती त्याहून जास्त. त्यातले इतके जण मशरूम, मासे, हॉटेलं करत परदेशात, आणि त्यांच्याबद्दल त्यांच्या भाषेत लिहिणारे फार थोडे. "आई तरुणपणी बरी कवी होती," मदारा म्हणायची. "पण त्या शेडमध्ये गेल्यावर ती मोठी कवी झाली. मला हे आवडत नाही, पण खरं आहे."

एक चौकडी तिने मला अर्थासकट सांगितली. ती मी मराठीत लिहून ठेवली आहे.

अंधारात उगवलं ते
पांढरं कसं निघालं?
उजेडात वाढले मी,
हात माझे काळे.

असं आमचं काम सुरू झालं. खोलीत फोन नेऊन कोणाचा आवाज रेकॉर्ड करायचा नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. परवानगीचा फॉर्म मदाराने भरून पाठवला होता, पण तो ऑफिसातून पुढे सरकला नाही. आमची मॅनेजर ब्रीड चांगली बाई, पण तिचं एकच, "वृंदा लव्ह, इट्स विथ युअर मॅन इन हेड ऑफिस." इथे 'युअर मॅन' म्हणजे तो कोणीतरी साहेब. मग माझी वही आणि माझा कान. मी उतरवून घ्यायचं, जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून मदाराला वाचून दाखवायचं, तिने तिच्या लिपीत टाइप करायचं. रीगाच्या एका लहान प्रकाशकाने पुस्तक घ्यायचं कबूल केलं होतं.

पहिल्या आठवड्यात तिने मला खूप चिडवलं. "तुमच्या लात्वियनमध्ये सगळेच कशाच्या तरी आत बसलेले असतात. माझी आई नदीत, घरात, पावात, कुत्र्यात!"

चूक माझीच होती. आम्हाला शाळेत सावंतबाईंनी पट्टी मारून शिकवलेलं, शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. माझा हात दुसरं काही लिहीतच नाही, आणि खरं सांगायचं तर जीभही दुसरं म्हणत नाही. लात्वियनमध्ये मात्र शेवटचा स्वर लांबवला की 'च्या आत' असा अर्थ होतो. 'मनि' म्हणजे मला. 'मनी' म्हणजे माझ्यात. मी म्हटलं, "अगं, आमच्याकडेही मनी म्हणजे मनात!" पण आमच्याकडे ऱ्हस्व मनि नाहीच ना. मी सगळंच मनी लिहीत होते.

माझं चुकीचं वाचन ऐकून उपाय रस्माताईंनीच काढला. शेवटचा स्वर लांब असला की त्या डाव्या हाताची तर्जनी वर करायच्या. मी त्या अक्षरावर एक छोटी उभी रेघ मारायची. रेघ असली तर दीर्घ, नसली तर ऱ्हस्व. कान पुरत नव्हता तिथे डोळा आला. त्या पद्धतीने आम्ही एकोणऐंशी चौकड्या केल्या. एकही चुकली नाही असं मदारा म्हणायची.

ऐंशीवी त्या सोमवारची.

डिसेंबरात इथे सूर्य सव्वाचारला जातो. दिवेलागणीला तुळशीपुढे निरांजन लावायचं आणि सोमवारचा उपास त्यानंतर सोडायचा, हा माझा नेम. आयर्लंडला आल्यापासून तो चुकलेला नव्हता. तुळस आमची कुंडीतली, हीटरशेजारी कशीबशी जगवलेली. साडेतीनला ड्यूटी संपली, मी कोट घातला, तेवढ्यात रस्माताईंनी हाक मारली. "मेइता."

मी तशीच, कोट घालून, कॉटच्या कडेला टेकले. तीन ओळी नीट घेतल्या. मग त्या थांबल्या. कितीतरी वेळ थांबल्या. माझं लक्ष खिडकीकडे गेलं, बाहेर उजेड पिवळा झाला होता. रस्त्यात वेस्टपोर्टच्या चौकात ट्रॅफिक असतो. मी मान खाली घालून पेन धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, देवा, लवकर सांगू दे यांना.

त्यांनी सांगितलं. "कुओ एस अत्स्तायू, तेवी." मी लिहिलं. वही मिटली, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि निघाले.

बोटाकडे मी बघितलंच नव्हतं.

हे मला घरी निरांजन लावताना लक्षात आलं. म्हटलं, असू दे, उद्या सकाळी विचारू. मंगळवारी सकाळी सातला पोचले तर बारा नंबरच्या दाराशी डॉक्टर उभे होते. दुसरा झटका. बोलणं गेलं, समजही गेली असावी. डोळे उघडे, पण कुठे बघतायत कळेना.

मदाराला फोन मलाच करायचा होता. आईचं सांगितल्यावर ती म्हणाली, "काल काही सांगितलं होतं तिने?"

मी वाचलं.

"शेवटच्या अक्षरावर रेघ आहे?"

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं. वहीत रेघ नव्हती.

आणि ती रडायला लागली. शिकवणारी, तुटक बोलणारी ती मुलगी हुंदके देऊन रडली. मग तिने मला अर्थ सांगितला.

फाटक लावलं, कडी घातली,
कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.
इतक्या लांबून सांगते आता,
काय सोडलं मी. तुला.

"वीस वर्षं मी हे ऐकायला थांबलेय, व्रिंदा. ती कधीच म्हणाली नाही. पैसे पाठवायची, बूट पाठवायची. मी तुला सोडलं, एवढं एकदाही म्हणाली नाही. मी येते. उद्याचं तिकीट काढते."

मी फोन धरून गाडीत बसले होते. दीर्घ असता तर, हे मी विचारलं नाही. मला तेवढी लात्वियन आता येत होती. तेवी. तुझ्यात. काय सोडलं मी तुझ्यात? तो वेगळाच प्रश्न होता. ती माफी नव्हती. ती कदाचित तक्रारसुद्धा असेल, कदाचित आशीर्वाद असेल. मला काय कळणार?

मदारा बुधवारी आली. उंच, आईसारखंच कपाळ. कॉटशी गुडघे टेकून बसली, आईचा डावा हात आपल्या गालावर ठेवला आणि बोलत राहिली. मी पाणी द्यायला आत गेले की म्हणायची, "हीच तुझी लेखनिक ना, मामा? बघ, किती बारीक आवाज आहे हिचा." लात्वियनमध्ये मामा म्हणजे आई. मला हसू यायचं आणि मी पाणी ठेवून लगेच बाहेर पडायचे.

घरी हृषीकेशना सांगितलं.

"सोड ना, वृंदा," ते म्हणाले. "तिला बरं वाटतंय ना? आईजवळ येऊन बसली ना? मग ग्रँड."

"आणि पुस्तक?"

"लात्वियनमधलं पुस्तक इथे कोण तपासायला येणारे?"

"रस्माताई."

"त्यांना आता काही कळत नाही गं. मंगळवारी हॉस्पिटलात केलेला स्कॅन मी बघितलाय."

"त्यांना कळत होतं तेव्हा त्यांनी बोट वर केलं असेल तर?"

"आणि नसेल केलं तर? मग तू उगाच त्या पोरीचा जीव खाशील."

पाच दिवस मी तो एक शब्द तोंडात घोळवला. भांडी घासताना, गाडी चालवताना, जपमाळ ओढताना. तेवी, तेवी, तेवी. नाम सुटलं आणि हाच जप सुरू झाला. जितकं म्हणावं तितका त्यांचा आवाज पुसला जायचा आणि माझाच उरायचा, आणि माझा तर कायम दीर्घ. तन्वी वैतागली. "आई, स्टॉप सेइंग दॅट, यू साउंड मेंटल." शनिवारी मदारा जेवायला गेलेली असताना मी रस्माताईंच्या कानाशी वाकले. दोन्ही म्हटलं, जमेल तसं. त्यांचं बोट माझ्या हातात धरून थांबले. "सांगा ना," मी मराठीतच म्हटलं. "ताई, फक्त एवढं सांगा. मी बघतेय. आता मी बघतेय." बोट गरम होतं. हललं नाही.

सोमवारी मदाराने लॅपटॉप दाखवला. पुस्तकाची शेवटची प्रत. ऐंशीवी चौकडी शेवटच्या पानावर एकटी होती. "आज पाठवते," ती म्हणाली. "मलपृष्ठावरही हीच ओळ घेणार आहेत."

मी खाली, तिच्या खुर्चीपाशी बसले.

"मदारा, ती रेघ नाही म्हणजे ऱ्हस्व आहे असं नाही."

"म्हणजे?"

"मी बघत नव्हते. बोटाकडे. मान खाली होती. त्यांनी वर केलं असेल, नसेल. मला माहीत नाही."

तिने हळू विचारलं, "ऐकू तर आलं असेल ना? काय ऐकलंस?"

"मला तो फरक ऐकूच येत नाही. मी खूप प्रयत्न केला."

"एकोणऐंशी वेळा तू बघितलंस. याच वेळी का नाही?"

"मला घाई होती. घरी दिवा लावायचा होता. सूर्य मावळायच्या वेळी."

"दिवा," ती म्हणाली. मग पुन्हा, "दिवा? कसला, लाइट?"

"देवाचा."

ती उठली, खिडकीपाशी गेली. पाठमोरीच म्हणाली, "माझ्या आईला पण कायम घाई असायची. शेडमध्ये शिफ्ट असायची. फोन ठेवते गं, शिफ्ट आहे." मग वळली. चेहरा पांढराफटक. "तू मंगळवारीच का नाही सांगितलंस? मी इथे बसून तिला माफ केलं, व्रिंदा. मोठ्याने. तुमच्या नर्ससमोर. तिने माफी मागितलीच नसेल तर?"

मी हात जोडले. दुसरं काय करणार?

"एक सांग," ती म्हणाली. "कुठलंही. तू होतीस तिथे, तूच होतीस. तू सांगशील ते मी धरीन. ऱ्हस्व की दीर्घ?"

देवाशपथ, मला सांगायचं होतं. 'तुला' म्हणून मोकळं व्हायचं होतं. जिभेवर आलंही. पण मघाशी जे सांगितलं तेच खरं होतं, त्यापलीकडे माझ्याजवळ काही नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तिने लॅपटॉप मिटला. मग कॉटवर वाकून आईच्या दोन्ही गालांना धरलं आणि आधी एक म्हणाली, मग दुसरं. ऱ्हस्व, दीर्घ. पुन्हा ऱ्हस्व, दीर्घ. आवाज चढत गेला. ब्रीड धावत आली. रस्माताई छताकडे बघत होत्या. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली ती मी पुसली, कारण ते माझं काम होतं. मदाराने माझा हात बाजूला केला आणि स्वतः पुसली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मी खोलीत गेले की बाहेर जायची. मी ड्यूटी बदलून मागितली नाही. कूस बदलायला दुसऱ्या कोणाला त्यांचा खांदा कसा धरायचा ते येत नव्हतं. शुक्रवारी सकाळी रस्माताई गेल्या. मदारा खोलीतच होती.

अंत्यविधी गावातल्या फ्युनरल होममध्ये झाला. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी गेले. वीसेक लात्वियन माणसं होती, मोनाहनहून गाडी करून आलेली, जाड बोटांची, गप्प. मी पांढरी फुलं नेली होती, पाच. दाराशी एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या हाताकडे बघितलं आणि अगदी हळुवार एक फूल काढून माझ्या दुसऱ्या हातात दिलं. "मेलेल्यांना जोडीनं," म्हणाल्या. "विषम जिवंतांना."

आपल्याकडे देवाला एक-तीन-पाच, म्हणून मी पाच घेतली होती. मी चार फुलं पेटीवर ठेवली आणि मागे जाऊन उभी राहिले.

मदारा पुढे आली. हातात कागद नव्हता. तिने ऐंशीवी चौकडी म्हटली. फाटक, कडी, कुत्रं. इतक्या लांबून सांगते आता. मी श्वास धरला. डोळे मिटले, म्हणजे कान तरी नीट चालेल. मला शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं ऐकू आलं. कुओ एस अत्स्तायू. मग ती थांबली, आई थांबली होती तितकीच, आणि म्हणाली. तेवी.

मला कळलं नाही.

तिने काय निवडलं ते त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाला कळलं, मला सोडून. मी तोंडं बघितली. म्हाताऱ्या बाई रडत होत्या. मोठ्या मिशांचा एक माणूस मान हलवत होता. त्यावरून काहीच ठरत नव्हतं. दोन्हीतल्या कशानेही ती माणसं रडलीच असती, मुलंबाळं मागे ठेवून आलेली.

माणसं चहाकडे वळली तशी मदारा माझ्यापर्यंत आली. डोळे सुजलेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ बघितलं.

"ऐकलंस?"

मी मान हलवली.

"मी तशीच पाठवलीय छापायला." तिने माझा कोपर धरला, घट्ट, आईसारखाच. "सांग ना. आई असंच म्हणाली होती ना?"

तिच्या ओठांकडे मी बघत होते. पुन्हा म्हण, असं म्हणणार होते. पुन्हा म्हणून तरी मला काय कळणार होतं?

"हो," मी म्हटलं. "अगदी असंच."